दोन वर्षांची म्हणतात ती पदवी

'ताई, मी ३७ वर्षांची, कोल्हापूरची, बी.कॉम. लग्नाआधी तिथल्या एका सहकारी बँकेत तीन वर्षं काउंटरवर होते. २०१३ साली एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून, न्यू जर्सीत आले, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं. मुलं दहा आणि सहा वर्षांची. धाकट्याच्या वेळी मी नऊ दिवस हॉस्पिटलात होते. तेव्हापासून डोक्यात बसलंय, हे काम मला जमेल. आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री आहे. नवरा म्हणतो, अर्धवट डिग्री कशाला, करायचं तर बीएसएन, म्हणजे चार वर्षांची नर्सिंगची बॅचलर्स कर, नाहीतर टेस्टिंगचा कोर्स करून आयटीत ये. सासूबाई कोल्हापुरातून व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "लोकांचे बेडपॅन उचलायला अमेरिकेला गेलीस व्हय?" दहावीनंतर मी सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही. इंग्रजी बोलताना अजून अडखळते. चाळिशीला आल्यावर विद्यार्थिनी होणं हा वेडेपणा आहे का?
– गोंधळलेली कोल्हापूरकरीण'

अगं, 'ताई' म्हणालीसच आहेस, तर मीही 'तू'च म्हणते.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात सोपा प्रश्न त्यांचाच आहे. हो, बेडपॅन उचलायचे. मला या कामात सोळा वर्षं झाली, मी आजही उचलते. सासूबाई जे म्हणाल्या त्यात खोटं काही नाही, फक्त त्यांच्या डोळ्यांसमोरचं हॉस्पिटल वेगळं आहे. आपल्याकडे वॉर्डात सिस्टर इंजेक्शन देते, सलाईन लावते, डॉक्टरांबरोबर राउंडला जाते. पेशंटला पुसायचं काम मावशी करतात, उचलायचं मामा करतात, आणि उरलेलं सगळं उशाशी बसलेले नातेवाईक. इथे उशाशी कुणी नसतं. हाताखाली एक नर्सिंग असिस्टंट असते, तिच्याकडेही दहा-बारा पेशंट असतात. त्यामुळे अंघोळ, कूस बदलणं, बेडपॅन हे सगळं नर्सचंच काम. आणि कूस बदलताना पाठ दिसते म्हणूनच बेडसोअरची पहिली लाली नर्सला दिसते, डॉक्टरांना नाही. ही घाण तुला चालणार आहे का, हे मात्र सासूबाईंना नको, स्वतःला विचार. बाळंतपणात तुझी सेवा झाली तेव्हा तू पलंगावर होतीस. पलंगाच्या दुसऱ्या बाजूने ते सगळं वेगळं दिसतं.

सासूबाईंना उत्तर द्यायचंच असेल तर रमाबाई रानड्यांची आठवण करून दे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि त्या काळात रमाबाईंनी बायकांना, त्यातही विधवांना, नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. लोक तेव्हाही हेच बोलत होते.

आता नवऱ्याचा 'अर्धवट डिग्री'चा मुद्दा. हा वाद त्यांनी काढलेला नाही, तो सत्तर वर्षं जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सचा तुटवडा होता. तोपर्यंत बहुतेक नर्स हॉस्पिटलच्याच शाळेत तीन वर्षं राबून तयार व्हायच्या, आपल्याकडच्या जीएनएम डिप्लोमावाल्यांसारख्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड माँटॅग या बाईंनी १९५१ साली आपल्या प्रबंधात मांडलं की नर्सिंगचं शिक्षण कॉलेजात आणा, दोन वर्षांत बसवा. १९५२ पासून काही मोजक्या कॉलेजांत त्याचा प्रयोग झाला. माँटॅगबाईंच्या मनात या मुलींसाठी थोडी मर्यादित, तांत्रिक स्वरूपाची भूमिका होती. पण या मुली परीक्षेला बसल्या त्या बाकीच्यांच्याच, लायसन्सही तेच मिळवलं, आणि त्यामुळे मर्यादा कागदावरच राहिली. १९६५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर भूमिका घेतली की व्यावसायिक नर्सला बॅचलर्स हवीच. तेव्हापासून भांडण चालू आहे.

तुझ्यापुरता त्याचा अर्थ असा. एडीएन, म्हणजे ही दोन वर्षांची असोसिएट कर, नाहीतर बीएसएन कर, शेवटी परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन. पेपर एकच, लायसन्स एकच, नावापुढे आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, हीच अक्षरं. पेशंटला औषध देताना तुझी डिग्री किती वर्षांची हे कुणी विचारत नाही. नोकरी देताना मात्र विचारतात, आणि तिथे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. मोठी हॉस्पिटलं, विशेषतः उत्तम नर्सिंगसाठी मिळणारा 'मॅग्नेट' दर्जा मिरवणारी, बीएसएनवाल्यांना आधी घेतात. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच झाला, नव्या नर्सने लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करायची. म्हणजे बीएसएन आज ना उद्या तुला करावी लागेल असंच धरून चाल. पण ती नंतर करता येते. नोकरी करत, बरीचशी ऑनलाइन, आणि पुष्कळदा हॉस्पिटलच्या पैशांनी. नोकरी देणाऱ्याने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांपैकी वर्षाला ५,२५० डॉलर्सपर्यंतच्या रकमेवर टॅक्स लागत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी मदतीचा आकडा त्याच्याच आसपास असतो. मी तशीच केली. नाइट शिफ्ट संपवून पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून असाइनमेंट पाठवायची, मग घरी येऊन झोपायचं.

नवऱ्याने कदाचित 'अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन'बद्दल वाचलं असेल. आधीची कुठलीही बॅचलर्स असलेल्यांसाठी बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंग. ऐकायला छान. पण त्याआधीचे सायन्सचे विषय त्यालाही लागतातच, फी कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट, आणि आपली तीन वर्षांची बी.कॉम. इथली चार वर्षांची बॅचलर्स म्हणून धरतील की नाही हे ज्या त्या विद्यापीठावर. शिवाय तो कोर्स म्हणजे लोकल पकडण्यासारखं आहे, एकदा चढलीस की मधल्या स्टेशनला उतरायची सोय नाही. सहा वर्षांचं मूल घरात असताना मी तरी त्यात पडले नसते.

टेस्टिंगच्या कोर्सबद्दल मी काही बोलणार नाही. अख्ख्या पत्रात त्याबद्दल तू स्वतःचं एक वाक्य लिहिलेलं नाहीस.

आता मला खरं काय सांगायचंय ते सांगते. या पदवीला दोन वर्षांची म्हणतात, पण ती दोन वर्षांत होत नाही. नर्सिंगचे चार सेमिस्टर म्हणजे दोन वर्षं, हे बरोबर. पण त्या चारांच्या दारापर्यंत पोहोचायला अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्लिश कम्पोझिशन, सायकॉलॉजी, मानवी विकासाचं मानसशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स लागतं. काही कॉलेजं यातले थोडे विषय नर्सिंगबरोबर करू देतात. तू कॉमर्सची, म्हणजे अ‍ॅनाटॉमीच्या आधी बायॉलॉजी किंवा केमिस्ट्रीचा एखादा पायाचा कोर्सही घ्यायला लावतील. मुलं सांभाळून सेमिस्टरला दोन विषय धरले तर वर्ष-दीड वर्ष यातच जातं. मग 'टीज' किंवा 'हेसी' नावाची प्रवेश परीक्षा. मग अर्ज. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. सायन्समधले ग्रेड आणि परीक्षेचे मार्क यांच्यावर यादी लागते, कुठे कुठे नुसती वाट बघायची. म्हणजे आज सुरुवात केलीस तर हातात लायसन्स यायला साडेतीन-चार वर्षं लागतील. चाळिशी ओलांडून तू आरएन होशील. न झालीस तरी चाळिशी येणारच आहे, हे वाक्य मला एका प्रोफेसरबाईंनी ऐकवलं होतं. तेव्हा मी ३९ची होते आणि मला ते फार उद्धट वाटलं होतं.

सायन्सची भीती मला समजते. मी तर मराठीत एम.ए. फिजिऑलॉजीच्या पहिल्या परीक्षेत मला ६८ मिळाले, आणि मी आयुष्यात कधी ६८वर समाधान मानलेलं नव्हतं. कारण सोपं होतं. आपण पाठ करतो. हाडं २०६, क्रेनियल नर्व्ह बारा, हे आपल्याला चुटकीसरशी पाठ होतं. पण इथे प्रश्न येतो, 'या माणसाला दोन दिवस जुलाब होताहेत, त्याच्या पोटॅशियमचं काय होईल आणि मग हृदयाच्या ठोक्यांचं काय होईल?' त्यासाठी कशामुळे काय होतं ही साखळी यावी लागते. मी मग पाठांतर सोडलं आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यावर चित्रं काढायला लागले. पोळ्या लाटताना लेकाला किडनी शिकवायची. तो आठ वर्षांचा होता, त्याला नेफ्रॉन अजून आठवतो, पाढे आठवत नाहीत.

नर्सिंगच्या परीक्षा तर त्याहून चक्रम. चार पर्याय, आणि चारही बरोबर! त्यातलं सगळ्यात आधी कोणतं, ते सांगायचं. एक नमुना देते. तुझ्याकडे चार पेशंट आहेत. पहिल्याचं काल ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी सात म्हणतोय. दुसऱ्याची साखर २१० आहे. तिसरे आजोबा सकाळपर्यंत शांत होते, आता अचानक अस्वस्थ झालेत, चादर ओढताहेत, श्वास जरा जोरात चाललाय. चौथ्याची मुलगी दारात उभी राहून ओरडतेय की माझ्या वडिलांकडे कुणी लक्ष देत नाही. आधी कुणाकडे जाशील? आपण सगळ्या चौथीकडे जातो, आपल्याला लहानपणापासून ओरडणाऱ्याला आधी शांत करायला शिकवलंय. उत्तर आहे तिसरे आजोबा. एकाएकी आलेली अस्वस्थता ही ऑक्सिजन कमी पडत असल्याची पहिली खूण असू शकते. दुखणं, साखर आणि मुलगी पाच मिनिटं थांबू शकतात, आजोबा थांबू शकत नाहीत. हा विचार अंगात मुरायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं. त्यावर 'लागू असतील ते सगळे निवडा' हा प्रकार आहेच. आणि पासिंग चाळीस-पन्नासला नाही बरं का, बहुतेक प्रोग्रॅममध्ये ७५च्या वर. दोन विषयांत नापास झालं की पुष्कळ ठिकाणी नाव कापतात.

एका बाबतीत मात्र तू वर्गाच्या पुढे असशील, आणि ती तुझी बँक. औषधांच्या हिशोबाची वेगळी परीक्षा असते, तिथे ९० टक्के नाहीतर चक्क शंभर मागतात. ऑर्डर ०.२५ मिलिग्रॅमची, गोळी १२५ मायक्रोग्रॅमची, किती गोळ्या? दोन. वर्गातल्या विशीच्या पोरी इथे रडतात, तू हसत सोडवशील. आकडे लिहायची शिस्तही काउंटरसारखीच: टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच, म्हणजे ०.५, कधीही नुसतं .५ नाही. आणि पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य लावायचं नाही, ५.० लिहिलं आणि टिंब पुसट झालं की पेशंटला पन्नास जातात. कागदावर चूक झाली तर खाडाखोड नाही, एक सरळ रेघ मारायची आणि बाजूला सही. व्हाउचर लिहिलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

इंग्रजीबद्दल एवढंच सांगते की अडखळणं चालतं, अर्धवट ऐकून मान डोलावणं चालत नाही. डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली की ती लिहून घ्यायची आणि त्यांना परत वाचून दाखवायची, हा इथला नियमच आहे. तो आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाचा. क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या तासाला, एकीने माझ्या उच्चारांवरून चार जणांत नक्कल केली होती. मी घरी येऊन रडले, नाही असं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका आजींनी माझ्याचकडून औषध घेईन असा हट्ट धरला, कारण मी सावकाश बोलते आणि त्यांना ऐकू कमी येतं.

आता पैसे. काउंटीत राहणाऱ्यांना काउंटीच्या कॉलेजात फी कमी असते, तो पत्ता तुझ्याकडे आहे. ग्रीन कार्ड असल्याने तू 'फाफ्सा' हा सरकारी मदतीचा अर्ज भरू शकतेस. पण इथे आपल्या लोकांची एक फसगत होते. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, ज्यांच्याकडे आधीची बॅचलर्स आहे त्यांना मिळत नाही, आणि परदेशातली बॅचलर्सही त्यात साधारणपणे धरतात. अर्जात ती डिग्री लपवायची नाही. बी.कॉम.ची मार्कशीट घेऊन फायनान्शियल एडच्या ऑफिसात जायचं आणि 'ही इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरता का' असं स्पष्ट विचारायचं. धरली तर पेल गेली, कर्जाचा मार्ग तेवढा उरतो. तुझ्या घरी एक आयटीचा पगार आहे, तेव्हा हे तुझ्या निर्णयाला आडवं येणार नाही, पण फसल्यासारखं वाटू नये म्हणून सांगितलं. मार्कशीटचं विषयवार मूल्यमापनही करून घे. अकाउंटन्सीचा काही उपयोग नाही, स्टॅटिस्टिक्सचा विषय मात्र सुटू शकतो.

(हे वाचणाऱ्या आणि अजून एच-फोरवर असलेल्या मैत्रिणींसाठी: शिकायला तुम्हाला बंदी नाही, सरकारी शिक्षण मदत मात्र नाही. आणि लायसन्स मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही. एच-फोर ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, २०१५ पासून मिळतं, पण ते नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून. हे गणित प्रवेशाच्या आधी मांडा, पदवीच्या दिवशी नको.)

कॉलेज निवडताना सुंदर इमारत बघू नकोस. तीन आकडे विचार: प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी वेळेत पूर्ण करतात, पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स किती जणी पास होतात, आणि नोकरी किती जणींना लागते. प्रोग्रॅमला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि एसेनसारख्या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची राष्ट्रीय मान्यता आहे का, हेही पाहा. नाहीतर पुढे बीएसएनला अडशील. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कुणी 'वर्षात आरएन, परीक्षेची गॅरंटी' असलं काही पाठवलं तर तिथूनच नमस्कार. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांचं प्रकरण उघड झालं, ७,६०० हून जास्त बनावट पदव्या विकल्या गेल्या होत्या. कष्टाचे हजारो डॉलर्स मोजून लोकांनी रद्दी विकत घेतली.

फी परवडेल, सायन्स जमेल, इंग्रजी सुधारेल. तुझा प्रश्न अडणार आहे तो सकाळी पावणेसातला. त्या वेळी क्लिनिकलला हजर राहायचं असतं, पांढरे बूट घालून, केस बांधून. म्हणजे घर सहाला सोडायचं. तुझ्या पत्रात नवरा डिग्रीबद्दल बोलतो, सासूबाई बेडपॅनबद्दल बोलतात, पण आठवड्यातले दोन दिवस मुलांना कोण उठवणार, डबा कोण भरणार, स्कूल बसच्या थांब्यावर कोण उभं राहणार, याबद्दल कुणीच बोलत नाही. तूसुद्धा नाहीस! मला त्याची जास्त काळजी वाटली. क्लिनिकलची एखादी गैरहजेरी कशीबशी भरून काढता येते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी प्रोग्रॅममधून बाहेर काढतात. 'आज माझी मीटिंग आहे गं' हे वाक्य घरात एकदाही चालणार नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी नवऱ्याबरोबर बस, कागद घेऊन बस. 'करू आपण मॅनेज' असं ते म्हणतील. सगळे म्हणतात. ते पुरेसं नाही. वार लिहा. मंगळवार-बुधवार सकाळ पूर्ण त्यांची. रविवारी दुपारी चार तास तू लायब्ररीत, फोन बंद. रात्रीचं जेवण आठवड्यातून तीन दिवस त्यांनी करायचं किंवा आणायचं, आणि आणलेलं जेवण बघून तुझा चेहरा वाकडा होता कामा नये, ही अट तुला. माझ्या घरी दोन वर्षं मुगाची खिचडी आणि लोणचं यावर चाललं. कुणी खंगलं नाही.

आणि मंडळ! फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेरीला सुरू होतं, गणपती येतात तेव्हा पहिली परीक्षा असते, नवरात्रात दुसरी आणि दिवाळीच्या तोंडावर तिसरी. हे कॅलेंडर कुणीतरी मुद्दाम मराठी बायकांविरुद्ध आखलंय असं मला वाटायचं. मी पहिल्या वर्षी दीडशे मोदक केले आणि त्याच आठवड्यात फार्माकॉलॉजीत नापास झाले. मोदकांचं सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी मी सांगून टाकलं, यंदा मी फक्त आरतीला येईन. एक-दोघींनी नाकं मुरडली. त्यातली एक पुढे माझ्याकडूनच अ‍ॅनाटॉमीच्या नोट्स घेऊन गेली.

तरीही मन ठरत नसेल तर लगेच अ‍ॅनाटॉमीला जाऊ नकोस, आधी सीएनए कर, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. केंद्राच्या नियमाप्रमाणे कमीत कमी ७५ तासांचं प्रशिक्षण, काही राज्यांत थोडं जास्त. काही आठवड्यांत होतं. मग एखाद्या नर्सिंग होममध्ये शनिवारी शिफ्ट घे. सहा महिन्यांत तुला कळेल, वास सहन होतो का, पाठ टिकते का, एखाद्या आजींनी हात झिडकारल्यावर दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटतं का. नाही वाटलं तर तुझा एक छोटा कोर्स गेला, चार वर्षं नाहीत. वाटलं तर नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला, जेव्हा बाकीच्या मुलींचे हात पहिल्या बेड बाथला थरथरतात, तेव्हा तुझे थरथरणार नाहीत. माझ्या बॅचच्या ज्या सीएनए होत्या त्यांच्याकडे मी हेव्याने बघायचे.

पुढच्या नोकरीचंही स्वप्न बेताचं ठेव. एडीएनवाल्यांना पहिली नोकरी बहुधा रिहॅब, नर्सिंग होम, डायलिसिस अशा ठिकाणी लागते. प्रसूती विभाग तुझ्या मनात असणार, नऊ दिवसांवरून मी ओळखलं. तिथे जागा कमी आणि रांग मोठी, त्यामुळे तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या नोकरीत. पगाराचं विचारशील, तर सरकारी आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आरएनचा मधला वार्षिक पगार ९३,६०० डॉलर्स होता, म्हणजे निम्म्या नर्सना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. नवऱ्याला हा आकडा सांग, 'अर्धवट' हा शब्द ते परत वापरतील असं वाटत नाही. बारा तासांच्या तीन शिफ्ट केल्या की हॉस्पिटलचा आठवडा भरतो. उरलेल्या चार दिवसांतला एक दिवस झोपण्यात जातो, हे मात्र जाहिरातीत नसतं.

आता एक अगदी बारकी गोष्ट, पण ती कुणी सांगत नाही. क्लिनिकल सुरू होण्याआधी लसींचे पुरावे मागतात: गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस-बी वगैरे. कोल्हापुरात आईला फोन करून तुझं लहानपणीचं कार्ड शोधायला लावू नकोस, ते सापडणार नाही. रक्त तपासून अँटिबॉडी दाखवल्या की चालतं, कमी पडल्या तर लस परत घ्यायची. आणि टीबीची तपासणी असते. तुझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा गोल व्रण असेल, आपल्या सगळ्यांच्याच असतो. त्यामुळे हातावर टोचून करतात ती टीबीची टेस्ट आपल्याला फुगून पॉझिटिव्ह येऊ शकते, आजार नसतानाही. पहिल्याच दिवशी तो व्रण दाखवायचा आणि म्हणायचं, माझी रक्तावरची टेस्ट करा. मी नाही म्हटलं. माझा हात, त्यावर लिंबाएवढी गाठ, मग छातीचा एक्स-रे, मग रिपोर्टची वाट, आणि सगळा वर्ग पहिल्या क्लिनिकलला गेला तेव्हा मी घरी बसून लेकाला परत एकदा नेफ्रॉन शिकवत होते.